निळी की पांढरी

"या रविवारी संध्याकाळपर्यंत अंगणात एक होडी उभी असली पाहिजे," बायको म्हणाली. "नाहीतर हा विषय कायमचा बंद. जेवताना नाही, झोपताना नाही, आणि माझ्या आईशी फोनवर बोलताना तर मुळीच नाही."

चष्मेवाल्यांचा चमचा सूपच्या वाटीवर अधांतरी थांबला.

"आईंना मी नुसतं विचारलं—"

"आईला पोहता येत नाही. ती घराबाहेरही पडत नाही. तिला तुम्ही अर्धा तास विचारत होतात, उघडी होडी बरी की केबिनवाली. शेवटी तिनं मला हळूच विचारलं, जावयांना बरं नाहीये का गं?"

चष्मेवाल्यांनी सूप संपवलं.

त्यांचं चष्म्याचं दुकान होतं आणि सगळी वस्ती त्यांना चष्मेवालेच म्हणायची. दुकानामागे एक बिनखिडकीची खोली होती. तिथे अंधार करून, समोरच्या पाटीवरची अक्षरं उजळून ते लोकांच्या डोळ्यांपुढे काचा बदलत बसायचे आणि विचारायचे, "आता बरं दिसतंय, की मघाशी बरं दिसत होतं?" उमेदीची सगळी वर्षं या एका प्रश्नात गेली होती. मग एका उन्हाळ्यात ते बायकोबरोबर गावाबाहेरच्या तळ्यावर गेले असताना एक छोटी शिडाची होडी काठाजवळून गेली. आवाज नाही, धूर नाही. आत एकच माणूस, एक हात सुकाणूवर, दुसऱ्या हातात अर्धा खाल्लेला पाव. त्याला कुणी काही विचारत नव्हतं आणि तोही कुणाला काही विचारत नव्हता. चष्मेवाले उभ्याउभ्याच म्हणाले, "आपण होडी घ्यायची." बायको म्हणाली, "घ्या."

तो त्यांचा शेवटचा झटपट निर्णय. त्याला आता तिसरं वर्ष लागलं होतं.

गाडीमागे ट्रेलरवर ओढून नेता येईल आणि एरवी अंगणात मावेल अशी होडी हवी, एवढं नक्की होतं. पण तेवढ्यातही जगात किती प्रकार आहेत हे त्यांना आधी माहीत नव्हतं, आणि माहीत झालं नसतं तर बरं झालं असतं. सपाट बुडाच्या, खोल बुडाच्या, एका शिडाच्या, दोन शिडांच्या. सुरुवातीला ते झोपण्याआधी होड्यांचे व्हिडिओ बघत. पुढे पुढे व्हिडिओ बघण्याआधी थोडं झोपून घेत. चाळत चाळत शेवटी हाती दोन होड्या उरल्या आणि गाडं तिथंच रुतलं.

निळी होडी बेकरीवाल्यांची. उघडी, हलकी, एकट्या माणसाला डोलकाठी उभी करता येईल अशी, आणि जराशी झुळूक आली की पळत सुटणारी. बसायला एक फळी. पाणी उडालं की थेट मांडीवर. पांढरी होती मुख्याध्यापिकाबाईंची. जड, भारदस्त, होडी कलंडू नये म्हणून पोटाखाली वर-खाली करता येणारं पोलादी पातं, आत पाय पसरून बसता येईल अशी केबिन, आणि केबिनच्या कोपऱ्यात एका अरुंद दारामागे चक्क संडास. निळीकडे बघितलं की चष्मेवाल्यांना पांढरीचा आराम आठवे आणि पांढरीत बसलं की निळीचा वारा.

बरं, विकणारी माणसं तरी सरळ असावीत! बेकरीवाल्यांना होडी विकायचीच नव्हती. ती विकायची होती त्यांच्या बायकोला. "एक तर ही फळी या घरात राहील नाहीतर मी," असं तिनं जाहीर केल्यावर बेकरीवाल्यांनी दोन दिवस विचारासाठी मागून घेतले होते, आणि ते दोन दिवस ती अजून विसरली नव्हती. तेव्हा गिऱ्हाईक आलं की बेकरीवाले बायकोसमोर होडीचं कौतुक करत, आणि ती चहा टाकायला आत गेली की कुजबुजत.

"घेऊ नका. गळते."

"कुठून?"

"सगळीकडून. सुकाणू ऐकत नाही. शीड कुजलंय. मागच्या खेपेला उलटली, मी वर येईपर्यंत काठावरच्या लोकांनी माझ्या चपलासुद्धा गोळा करून ठेवली होती."

बाकीची गिऱ्हाईकं एवढ्यावर चहा न घेताच निघून जात. चष्मेवाल्यांचा मात्र जीव जडला. "आजच्या दिवसात इतका प्रामाणिक माणूस!" ते घरी येऊन सांगत. "स्वतःच्या मालाचे दोष स्वतःच्या तोंडानं सांगतो!" बेकरीवाले जेवढी निंदा करत तेवढा यांचा विश्वास वाढे, आणि पुढच्या आठवड्यात हे परत दारात हजर. त्या धसक्यानं बेकरीवाल्यांचा पावही नीट फुगेनासा झाला होता.

मुख्याध्यापिकाबाईंचं दुसरंच. त्यांना होडी विकायची होती, पण ऐऱ्यागैऱ्याला नाही. त्या आणि त्यांची बहीण मिळून ती चालवायच्या. बहीण परगावी मुलाकडे राहायला गेली, इकडे बाईंचे गुडघे कुरकुरायला लागले, आणि ती जड डोलकाठी एकटीच्यानं उभी होईना. झाकलेली होडी रोज खिडकीतून बघण्यापेक्षा विकलेली बरी, असं त्यांनी ठरवलं. चष्मेवाले पहिल्यांदा गेले तेव्हा बाईंनी होडीवरचं कापड काढण्याआधी त्यांच्या हातात दोरी दिली.

"गाठ मारा."

"कसली?"

"खांबाला होडी बांधायची आहे. मारा."

त्यांनी मारली. बाईंनी एका बोटानं ओढली. गाठ सुटली.

"गेली होडी," बाई म्हणाल्या. "तुम्ही काठावर आणि होडी तळ्याच्या मध्यावर. पुढच्या रविवारी तयारी करून या."

ते पुढच्या रविवारी गेले. त्याच्याही पुढच्या रविवारी गेले. दुकानात गिऱ्हाईक नसलं की चष्म्याच्या दोऱ्यांना गाठी मारत बसू लागले. एका गिऱ्हाइकाच्या गळ्यातल्या दोरीला तर त्यांनी अशी गाठ मारली की तो बिचारा आठवडाभर चष्म्यासकट अंघोळ करत होता. बाईंसमोर मात्र गाठ सुटायची ती सुटायचीच.

तर असा सगळा मामला, आणि त्यात बायकोची ही मुदत. सोमवारी चष्मेवाले निळीचे झाले. मंगळवारी सकाळी दाढी करताना ते पांढरीकडे वळले, दुपारी जेवताना परत निळीकडे. बुधवारी त्यांनी मोठ्या धीरानं बाईंना नकार कळवायला फोन लावला आणि बाईंनी "बोला" म्हटल्याबरोबर "तब्येत कशी आहे?" विचारून ठेवून दिला. शुक्रवारी अंधाऱ्या खोलीत त्यांनी एका म्हाताऱ्या गृहस्थांना नेहमीचा प्रश्न विचारला, तर ते म्हणाले, "खरं सांगू? दोन्ही सारखंच दिसतंय."

चष्मेवाल्यांना एकदम भरून आलं. "अगदी बरोबर बोललात," ते अंधारात म्हणाले. "दोन्ही सारखंच असतं. आणि तरी मेलं एकच घ्यावं लागतं."

म्हातारे गृहस्थ चष्मा न घेताच उठून गेले.

शनिवारी त्यांना उपाय सुचला. इतके दिवस चूक काय होत होती, तर निळी बघताना पांढरी समोर नसायची आणि पांढरी बघताना निळी. दोन्ही शेजारी शेजारी उभ्या केल्या, की निकाल डोळ्यांना आपोआप दिसेल! त्यांनी दोघांनाही फोन केला आणि रविवारी दुपारी होडी घरी आणायची विनंती केली. दुसरी होडीही येणार आहे, हे त्यांनी दोघांनाही सांगितलं नाही. सांगायची हिंमत झाली नाही हे एक, आणि दोघांपैकी एक जण येणार नाही अशी थोडी आशाही होती. मग निर्णय आपोआपच झाला असता.

दोघंही आले, आणि एकदमच आले.

बेकरीवाले चढाकडून आले. शेजारच्या सीटवर त्यांची बायको मांडीवर पर्स ठेवून बसली होती, होडी विकल्याशिवाय परत जायचं नाही अशा बेतानं. त्यांनी निळी अंगणात आणून उभी केली. ती फाटकातून आत सरकते आहे तोच उताराकडून बाईंची गाडी वर आली, मागे पांढरी. बाई उतरल्या. अंगणात बघितलं.

"हे काय आहे?"

"ही... ही दुसरी," चष्मेवाले म्हणाले.

"म्हणजे तुम्ही माझी होडी स्पर्धेला बोलावली आहे?"

"तसं नाही हो बाई, जरा शेजारी शेजारी—"

"आधी सांगायची पद्धत असते."

अंगण निळीनं भरलं होतं. पांढरी राहिली फाटकाबाहेर, गल्लीत. गल्ली अरुंद आणि उताराची. एवढ्यात वरून पाण्याचा टँकर आला आणि हॉर्न द्यायला लागला. बाईंना गाडी काढणं भाग पडलं. त्यांनी ट्रेलर गाडीपासून सोडवला, तो भिंतीलगत त्याच्या पुढच्या छोट्या चाकावर उभा केला आणि चष्मेवाल्यांना बजावलं, "मागच्या चाकाखाली वीट लावा. घट्ट." चष्मेवाल्यांनी वीट लावली. बाईंनी दोनदा वाकून बघितलं आणि गाडी कोपऱ्यावर लावायला गेल्या. टँकर चाचपडत निघून गेला.

आता चष्मेवाल्यांच्या आयुष्यातला मोठा क्षण. डावीकडे निळी, उजवीकडे पांढरी, दोन्हींवर सारखं ऊन. ते फाटकात उभे राहिले. डोळे बारीक करून बघितलं, मोठे करून बघितलं, चष्मा काढून बघितलं, घालून बघितलं. काही दिसेना. म्हणजे होड्या दिसत होत्या. निकाल दिसत नव्हता.

"काय ठरलं?" बायकोनं पायरीवरून विचारलं.

"अगं, आत्ता तर आल्यात."

"संध्याकाळ होत आलीय." तिचा आवाज चढलेला नव्हता, थकलेला होता, आणि त्याची चष्मेवाल्यांना जास्त भीती वाटली. "ठीक आहे. तुम्ही बघा. मी वहिनींना जरा बसवते कुठेतरी. बिचाऱ्या मघापासून उभ्या आहेत."

बेकरीवाल्यांच्या बायकोला घरात यायचं नव्हतं. तिची नजर पांढरीच्या त्या छोट्या केबिनवर होती. "आत बसायला खरंच जागा आहे का हो?" तिनं विचारलं. दोघी शिडीवरून वर चढल्या, वाकून आत गेल्या, आणि आतून आवाज आला, "अगं बाई, दार आहे! आतून कडीपण आहे!"

इकडे चष्मेवाल्यांना वाटलं, पांढरी आपल्या फाटकातून आत जाईल की नाही हे तरी मोजून घ्यावं. नसेल जात, तर प्रश्नच मिटला. ते टेप घेऊन ट्रेलरपाशी बसले. चाकाच्या बाहेरच्या कडेपासून माप घ्यायचं होतं आणि नेमकी तिथंच वीट मध्ये येत होती. त्यांनी ती एका हातानं जराशी बाजूला केली.

पांढरी निघाली.

सुरुवातीला इतकी हळू निघाली, की चष्मेवाल्यांना वाटलं टेपच लांबतो आहे. मग टेप हातातून गेला. "अहो!" ते ओरडले. कुणाला अहो म्हणत होते ते त्यांनाही कळलं नाही. पांढरी भिंत सोडून गल्लीच्या मधोमध आली आणि दिमाखात उताराला लागली, केबिनमध्ये दोन बायका घेऊन.

कोपऱ्यावरून परत येणाऱ्या बाईंना आपली होडी समोरून आपल्याकडेच येताना दिसली. "थांब!" त्या म्हणाल्या. त्या आवाजाला पूर्वी आख्खी शाळा थांबायची. होडी थांबली नाही. बाई बाजूला झाल्या. चष्मेवाले मागून पळत होते आणि "अगं, उडी मार! नको, नको, मारू नकोस! मार!" असं ओरडत होते. बाजी मारली बेकरीवाल्यांनी. पहाटेपासून कणकेच्या परातींशी झटणारा तो माणूस अंगणातून धावत सुटला, ट्रेलरचा दांडा त्यानं दोन्ही हातांनी धरला, आणि अडवता येत नाही म्हटल्यावर निदान पुढचं चाक वळवलं. पांढरी वळली. समोरच्या आजींच्या कुंपणाच्या झुडपांत हळूच शिरली, वाळत घातलेल्या चादरींमध्ये डोकं खुपसून उभी राहिली.

मग केबिनमधून चष्मेवाल्यांच्या बायकोचं डोकं बाहेर आलं. त्यावर एक ओली चादर होती.

"चहा झाला का?" तिनं विचारलं. मग इकडेतिकडे बघितलं. "हे काय, आपण कुठे आलो?"

"तुला... तुम्हाला काही लागलं नाही ना?" चष्मेवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"नाही बाई. आम्ही बोलत होतो. मध्ये जरा हलल्यासारखं वाटलं." तिनं चादर बाजूला केली. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी होतं, पण ते बघायला चष्मेवाल्यांना सवड मिळाली नाही, कारण तेवढ्यात आजी बाहेर आल्या.

आजींनी आधी झुडपांकडे बघितलं, मग चादरींकडे, मग दोरी बांधलेल्या वाकलेल्या खांबाकडे. मग चष्मेवाल्यांकडे.

"कुणाची होडी?"

"अजून ठरलं नाही," चष्मेवाले म्हणाले. खरं तेच होतं.

"खांब धरा," आजी म्हणाल्या. "दोन्ही हातांनी. सरळ. उरलेल्या चादरी मातीत गेल्या तर सगळ्या तुम्ही धुवायच्या. मी तार घेऊन येते."

चष्मेवाल्यांनी खांब धरला. आजी आत गेल्या. त्या तार शोधायला गेल्या होत्या की विणायला, देव जाणे. दोन्ही बाजूंना ओल्या चादरी आणि मधल्या फटीतून दिसणारं आपलंच अंगण, अशा अवस्थेत ते उभे राहिले. बाकीच्यांनी मिळून पांढरी बाहेर ओढली, वर ढकलत नेली, बाईंनी स्वतः वीट लावली. मग त्या फटीतून चष्मेवाल्यांना भलतंच काही दिसलं.

बेकरीवाले पांढरीच्या पोटावरून हात फिरवत होते. "काय वजन आहे हो!" ते बाईंना म्हणत होते. "मी दांडा धरला तर मलाच घेऊन निघाली. ही वाऱ्याला दबणार नाही." त्यांची बायको केबिनच्या दारात उभी होती. "ही असती ना," ती म्हणाली, "तर मीसुद्धा आले असते तुमच्याबरोबर. रोज आले असते." बेकरीवाले तिच्याकडे बघत राहिले. ते आजवर एकटेच जात आले होते. त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि कपाळ पुसल्यासारखं करून डोळे पुसले.

बाईंचं तिकडे लक्ष नव्हतं. त्या एव्हाना अंगणात निळीपाशी गेल्या होत्या. "घेऊ नका," बेकरीवाले सवयीनं म्हणाले, "गळते. शीडही कुजलंय."

"कुठे? दाखवा."

बेकरीवाले दाखवू शकले नाहीत.

"शीड कुजलंय म्हणालात. हे नवंकोरं शीड आहे. खोटं बोलू नका." बाईंनी आडवी ठेवलेली डोलकाठी हातात घेतली, पाय रोवले, आणि उचलली. ती सरळ वर गेली, भोकात बसली आणि उभी राहिली. एकटीनं. बाई वर बघत राहिल्या. बऱ्याच वेळानं त्यांनी डोलकाठीवर दोनदा थोपटलं, पहिल्या आलेल्या मुलीच्या पाठीवर थोपटावं तसं.

"अहो!" चष्मेवाले चादरींतून ओरडले. "थांबा! मी आलोच! माझं जवळजवळ ठरलंय!"

कुणालाच ऐकू गेलं नाही. ओल्या चादरी आवाज फार शोषून घेतात. आणि खांब सोडला तर त्या मातीत जाणार होत्या.

आजी तार घेऊन आल्या, खांब बांधला, तो सरळ झाला की नाही हे चारी बाजूंनी बघितलं, आणि मग चष्मेवाल्यांना सोडलं. ते धापा टाकत घरी पोहोचले तेव्हा बाईंच्या गाडीमागे निळी जोडलेली होती आणि बेकरीवाल्यांच्या गाडीमागे पांढरी.

"अहो, पण मी गिऱ्हाईक होतो," चष्मेवाले म्हणाले.

"तुम्ही नापास झालात," बाई म्हणाल्या. "गाठीत दर रविवारी आणि विटेत एकदा. पण वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही बोलावलं नसतं तर ही मला दिसलीच नसती."

बेकरीवाल्यांनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. "तुमचे उपकार कसे फेडू? विकायचीही झाली आणि ठेवायचीही झाली." त्यांच्या बायकोनं पर्स गाडीत फेकली आणि मागे जाऊन केबिनच्या खिडकीची काच पुसून आली.

दोन्ही गाड्या सुरू झाल्या. गल्लीत वळायला जागा नव्हती, म्हणून आल्या तोंडानंच निळी चढाकडे निघाली, पांढरी उताराकडे. फाटकात नवरा-बायको उभे होते. चष्मेवाल्यांना खरं तर हायसं वाटायला हवं होतं. मुदत संपली, प्रश्न मिटला, निवडायचं काही उरलं नाही. ते निळीकडे बघत राहिले. चढाच्या वळणावर तिच्यावर तिरकं ऊन पडलं, ती ट्रेलरवर किंचित डोलली, आणि त्या क्षणी सगळं लख्ख झालं. निळी! अरे, निळीच! यात विचार करण्यासारखं होतं काय? इतकं स्वच्छ त्यांना जन्मात कधी दिसलं नव्हतं.

ते धावत सुटले. "बाई! थांबा! ठरलं! ठरलं!" बाईंनी आरशात बघितलं, निरोप द्यायला माणूस इतक्या लांब पळत आला म्हणून त्यांना बरं वाटलं, आणि त्यांनी खिडकीतून हात हलवला. गाडी वळली. चष्मेवाल्यांची एक चप्पल गटारात गेली. ते थोडा वेळ तिथंच गुडघ्यांवर हात ठेवून उभे राहिले आणि मग लंगडत परत आले.

फाटकाशी पोहोचतात तो उताराकडून बायको येत होती. केस सुटलेले, चेहरा लाल, ऊर धपापत होता. दोघं एकदमच फाटकाशी थांबले.

"कुठे गेली होतीस?"

"कुठे नाही. आजींच्या चादरी बघून आले. तुम्ही?"

"मी जरा पाय मोकळे करून आलो."

"एकाच चपलेनं?"

दोघंही पायरीवर बसले. अंगणात चाकांच्या दोन खुणा होत्या आणि चपटं झालेलं गवत. 

"खरं सांगू?" शेवटी चष्मेवाले म्हणाले. "माझं ठरलं होतं. अगदी शेवटच्या क्षणी. पण ठरलं होतं."

"माझंही," बायको म्हणाली.

त्यांनी चमकून बघितलं.

"हसू नका. मला वाटलं नव्हतं मला असं काही वाटेल. पण आत बसले होते, ती हलली, आणि मला एकदम इतकं बरं वाटलं... कळतच होतं मला, की आपण उतारावरून चाललोय. मुद्दामच नाही ओरडले." तिनं त्यांचा हात धरला. "मागे पळत गेले होते मी आत्ता. कोपऱ्यापर्यंत. नाही थांबले ते."

इतक्या दिवसांत पहिल्यांदाच दोघांचं मन एका जागी आलं होतं, आणि आता होडी नव्हती. काय हे नशीब! त्यांनी तिचा हात घट्ट दाबला.

"वळणावर तिच्यावर ऊन पडलं ना," ते म्हणाले, "तो निळा रंग असा काही—"

हात सुटला.

"निळा?"

"म्हणजे... हो. तू कुणाच्या मागे पळालीस?"

"पांढरीच्या! आत बसले होते म्हटलं ना? निळीला आत आहे तरी कुठे? त्या फळीवर बसणार होते का मी?"

"अगं, पण निळी पळते कशी! वारा आला की—"

"वारा मला केबिनच्या खिडकीतूनही मिळाला असता. कोरड्या कपड्यांनी."

"आणि ती जड किती आहे! डोलकाठी उभी करायची म्हटली तर दोन माणसं लागतात!"

"मग आपण किती आहोत?" बायको म्हणाली.

चष्मेवाल्यांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. लांबी, रुंदी, वजन, फाटक, गाडीची ताकद, सगळं त्यांनी पुन्हा पुन्हा मोजलं होतं. हे मात्र कधी मोजलंच नव्हतं. गल्ली दोन्ही बाजूंना रिकामी पडली होती. त्यांनी तोंड मिटलं.

"बोला ना," बायको म्हणाली. "आता का गप्प?"